लिबरल आर्ट्स शिक्षणाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील आमच्या महाविद्यालयात बारावीचा निकाल लागला की पालक आणि विद्यार्थी प्रवेश समितीच्या टेबलाशी येतात आणि बहुतेक वेळा तेच प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे सविस्तर दिली आहेत.

‘लिबरल आर्ट्स’ म्हणजे नेमके काय?

‘लिबरल’ हा शब्द वाचून काही पालक त्याचा संबंध राजकीय उदारमतवादाशी लावतात, तर ‘आर्ट्स’ वाचून काहींना चित्रकला किंवा नाट्यशिक्षण आठवते. हे दोन्ही अर्थ येथे अभिप्रेत नाहीत. मध्ययुगीन युरोपात व्याकरण, तर्कशास्त्र, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल या सात विषयांना मिळून हे नाव होते. स्वतंत्र माणसाला शोभेल आणि उपयोगी पडेल असे शिक्षण, असा त्या ‘लिबरल’चा अर्थ. या सातांत गणित आणि खगोल आहेत, याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो, कारण कला आणि विज्ञान यांची जी कडेकोट विभागणी आपण आज गृहीत धरतो ती फार अलीकडची आहे. आपल्या परंपरेतही चौसष्ट कलांच्या यादीत गायनाशेजारी सुतारकाम बसलेले असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचे समर्थन करताना बाणभट्टाच्या ‘कादंबरी’तील चौसष्ट कलांच्या उल्लेखाचाच आधार घेतला आहे. ‘मुक्त कला’, ‘उदार विद्या’ असे मराठी प्रतिशब्द सुचवले गेले असले तरी ते अद्याप रुळलेले नाहीत, म्हणून या पानावर आम्ही ‘लिबरल आर्ट्स’ असेच लिहितो.

महाविद्यालयाचे ध्येय काय आहे?

ध्येयवाक्य फलकावर लिहिणे सोपे असते, म्हणून आम्ही ते प्रत्यक्ष कामाच्या भाषेत सांगतो. आमच्याकडून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यासमोर शासनाची एखादी अधिसूचना, वर्तमानपत्रातील बातमी आणि सातबाराचा उतारा ठेवला, तर त्या तिन्हींत काय म्हटले आहे, काय म्हटलेले नाही आणि कोणता आकडा कोठून आला असावा हे त्याला स्वतः शोधता आले पाहिजे. जे सापडले ते स्पष्ट मराठीत दोन पानांत मांडता आले पाहिजे. आणि विरुद्ध मत असलेल्या माणसाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगून मग त्याचे उत्तर देता आले पाहिजे. विषय कोणताही असो, तीन वर्षांत या तीन गोष्टी जमल्या नाहीत तर आमचे काम अपुरे राहिले असे आम्ही मानतो.

अशा शिक्षणाचा नमुना दाखवायला आम्हांला दूर जावे लागत नाही. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच बाळशास्त्रींनी मुंबईत गणित शिकवले, जुने शिलालेख आणि ताम्रपट वाचले, शालेय पाठ्यपुस्तके लिहिली आणि १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून आणली. १८४६ मध्ये, ऐन तारुण्यात, त्यांचे निधन झाले. गणित, इतिहास, भाषा आणि पत्रकारिता हे वेगवेगळ्या इमारतींत ठेवण्याचे विषय आहेत, असे त्यांना कधी वाटले असेल असे दिसत नाही.

पूर्वीच्या बी. ए. पेक्षा यात वेगळे काय?

पूर्वीच्या रचनेत विद्यार्थी विषयांचा एक ठरावीक गट घेत असे आणि त्या गटाबाहेरचे दार बंद होत असे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आलेल्या नव्या रचनेत मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतील विषय घेणे ही नुसती सवलत राहिलेली नाही, तो पदवीचाच भाग झाला आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला संख्याशास्त्राची प्राथमिक ओळख घेता येते, आणि अर्थशास्त्राची विद्यार्थिनी लोककलांवरचा अभ्यासक्रम निवडू शकते. याशिवाय भारतीय ज्ञानप्रणाली, भाषिक कौशल्य, मूल्यशिक्षण, क्षेत्रप्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांनाही स्वतंत्र श्रेयांक (क्रेडिट) आहेत.

मात्र विषयांची नुसती सरमिसळ म्हणजे लिबरल आर्ट्स नव्हे. एकमेकांशी संबंध नसलेले सहा विषय घेऊन सहा गुणपत्रिका जमा करणे आम्हांला अपेक्षित नाही.

मग विषय एकमेकांशी जोडायचे म्हणजे काय करायचे? उदाहरण देता येईल का?

या प्रश्नाला सर्वांत मोठे उत्तर देणे आम्हांला आवश्यक वाटते, कारण आमचा सगळा अभ्यासक्रम त्यावर उभा आहे.

आपल्या भागातील जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडे कातळपठार, घ्या. आठ महिने तो करपलेला दिसतो, आणि ‘तिथे काय आहे, नुसता कातळ’ असे आपणच म्हणतो. याच सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे आज जगभरातील अभ्यासकांचे लक्ष वेधून घेत आहेत. कशेळी, उक्षी, जांभरुण, बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी, देवाचे गोठणे आणि सिंधुदुर्गातील कुडोपी ही स्थळे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कशेळी येथे हत्तीच्या एका प्रचंड आकृतीच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. काही ठिकाणी गेंड्यासारखे, आज कोकणात नसलेले प्राणीही दिसतात. ही शिल्पे कोणत्या काळातील आहेत याबद्दल अभ्यासकांत अजून एकमत नाही, आणि नेमके म्हणूनच ती शिकवण्यासाठी फार मोलाची आहेत.

आमचे विद्यार्थी हिवाळ्यात क्षेत्रप्रकल्पासाठी सड्यावर जातात. गेल्या खेपेस हिराच्या केरसुणीने माती हलकेच झाडून झाल्यावर तिघांना एकाच रेषेची रुंदी स्वतंत्रपणे मोजायला सांगितले. तिघांची मापे वेगवेगळी आली. एकाने झिजलेल्या काठापासून मोजले होते, दुसरीने खोबणीच्या तळाशी पट्टी धरली होती, आणि तिसऱ्याने दोन्हींची सरासरी मनातल्या मनात काढून आकडा लिहिला होता. कडा नेमकी कोठे सुरू होते यावर पाऊण तास वाद झाला. शेवटी मोजण्याची पद्धत आधी लिहून ठेवायची आणि मग मोजायचे, असे विद्यार्थ्यांनीच ठरवले. पुरावा म्हणजे काय, हे त्या पाऊण तासात जेवढे कळले तेवढे वर्गातल्या चार व्याख्यानांत कळले नसते.

तेथून पुढे विषय आपोआप उलगडत जातात. जांभा कसा तयार झाला आणि तो का झिजतो, हा भूगोलाचा प्रश्न. पावसाळ्यात त्याच कातळावर सीतेची आसवे, गेंद आणि कोकणाच्या सड्यांवरच आढळणारी दीपकाडी कशी उगवतात, हा वनस्पतिशास्त्राचा. त्या जागेला गावात काय म्हणतात, तिथे पूर्वी गुरे कोण नेत असे, पांडवांनी एका रात्रीत कोरल्याची गोष्ट कोणाच्या तोंडी आहे आणि कोणाच्या नाही, हे शोधणे लोकसाहित्याच्या अभ्यासात येते. सातबारावर पंधरा-वीस सहहिस्सेदारांची नावे असतात आणि त्यांतील निम्मे मुंबई-ठाण्यात राहतात; अशा जमिनीवरील वारशाचे रक्षण कोणी आणि कोणत्या कायद्याने करायचे, हे राज्यशास्त्राला आणि कायद्याला विचारावे लागते. जमीन अशी विभागली का गेली हे विचारू लागलात तर तुम्ही खोतांमार्फत गावाचा सारा वसूल करण्याच्या जुन्या खोती पद्धतीपर्यंत मागे जाता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत मांडलेल्या खोतीविरोधी विधेयकापर्यंत, १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यापर्यंत आणि त्या काळच्या मोडी कागदपत्रांपर्यंत हा धागा जातो. म्हणूनच इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मोडी लिपीचे वर्ग घेण्याचा आमचा आग्रह असतो. घराच्या माळ्यावर ट्रंकेत पडलेला आजोबांचा कागद स्वतः वाचता येऊ लागला की विद्यार्थ्याचा इतिहासाशी असलेला संबंध कायमचा बदलतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

एका सड्याभोवती असे पाच-सहा विषय एकत्र येतात, आणि कोणता प्रश्न कोणत्या विषयाला विचारायचा हे ओळखणे विद्यार्थी शिकतो.

पदवीची रचना कशी आहे? श्रेयांक म्हणजे काय?

श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट, हे अभ्यासाच्या वेळेचे माप आहे. साधारणपणे एका सत्रात १५ तासांच्या वर्गातील अध्यापनाला १ श्रेयांक मिळतो. प्रात्यक्षिक किंवा क्षेत्रकामासाठी ३० तासांना १ श्रेयांक धरतात. महाराष्ट्रातील आराखड्यानुसार एका सत्रात सुमारे २० ते २२ श्रेयांक पूर्ण करावे लागतात. पहिल्या वर्षाअखेर ४० ते ४४, दुसऱ्या वर्षाअखेर ८० ते ८८, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १६० ते १७६ श्रेयांक लागतात. मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या नावावर अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. ही व्यवस्था २०२१ मध्ये सुरू झाली आणि तिचे खाते प्रवेशाच्या वेळीच उघडून घ्यावे लागते. विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेतला तरी त्याचे झालेले शिक्षण वाया जात नाही, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ आहे.

मुख्य विषय आणि मायनर यांची निवड कशी करावी?

मुख्य विषय निवडताना एकच प्रश्न स्वतःला विचारा: कोणत्या विषयाचे पुस्तक परीक्षा नसतानाही मी उघडेन? मायनर, म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, मात्र गरज पाहून निवडावा. मुख्य विषय मराठी असेल तर मायनर म्हणून मानसशास्त्र किंवा इतिहास उपयोगी पडतो. भूगोल असेल तर अर्थशास्त्र. मित्राने घेतला म्हणून विषय घेणे टाळा. त्याने पहिल्या सत्रात सोबत मिळते, पण दुसऱ्या वर्षात आल्यावर विषय बदलून द्या असे अर्ज बहुतेक वेळा अशाच विद्यार्थ्यांकडून येतात.

घरच्या अडचणीमुळे मध्येच शिक्षण सोडावे लागले तर?

मासेमारीच्या हंगामात, आंब्याच्या दिवसांत किंवा घरातील आजारपणात शिक्षण खंडित होणे आपल्याकडे नवीन नाही, आणि पूर्वी अशा विद्यार्थ्याच्या हाती काहीच उरत नसे. आता पहिले वर्ष पूर्ण करून थांबल्यास प्रमाणपत्र, दुसरे पूर्ण केल्यास पदविका आणि तिसरे पूर्ण केल्यास पदवी मिळते. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडताना कौशल्याधारित अभ्यासक्रमाचे किंवा इंटर्नशिपचे ४ जादा श्रेयांक मात्र पूर्ण करावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यानुसार बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांच्या मुदतीत पदवी पूर्ण करता येते.

तरीही आमची कळकळीची विनंती आहे की, सोडण्याचा अर्ज लिहिण्यापूर्वी एकदा आपल्या वर्गशिक्षकांशी बोला. अनेकदा अडचण शुल्काच्या एका हप्त्याची किंवा सकाळच्या एसटीच्या वेळेची असते, आणि त्यावर मार्ग निघतो.

बारावी विज्ञान किंवा वाणिज्य शाखेतून केली आहे. प्रवेश मिळेल का?

होय.

आर्ट्स हे कमी गुण मिळालेल्या मुलांसाठी असते ना?

हा समज पालकांपेक्षा विद्यार्थ्यांच्या मनाला अधिक लागतो, म्हणून त्याचे उत्तर गांभीर्याने द्यायला हवे. प्रवेशाच्या रांगेत काही विद्यार्थी आपली गुणपत्रिका उलटी धरून उभे असतात. विज्ञानाला ‘नंबर लागला नाही’ म्हणून आपण येथे आलो, असे त्यांना वाटत असते. खरे तर आपल्या किनाऱ्याने देशाला दिलेल्या विद्वानांत भाषा, इतिहास आणि कायदा यांचे अभ्यासक ठळकपणे दिसतात. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ मध्ये मालवणचा. महामहोपाध्याय पां. वा. काणे हे रत्नागिरी जिल्ह्यातले. व्यवसायाने वकील, अभ्यासाने संस्कृतज्ञ आणि इतिहासकार. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे त्यांचे इंग्रजी खंड प्रसिद्ध होण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. महिला विद्यापीठाची १९१६ मध्ये स्थापना करणारे महर्षी धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे, आणि ते गणित शिकवत असत. चांगला निबंध लिहिणे हे समीकरण सोडवण्याइतकेच अवघड काम आहे. त्यात उत्तर बरोबर आले की नाही हे पुस्तकाच्या शेवटी पाहता येत नाही, एवढाच फरक.

शिकवण्याचे माध्यम कोणते? आमची मुलगी घरी मालवणी बोलते, तिला अडचण येईल का?

बहुतेक विषय मराठीतून शिकवले जातात. इंग्रजी विषयाचे वर्ग इंग्रजीतून होतात, आणि प्रत्येक विषयातील निदान काही इंग्रजी मजकूर वाचण्याची सवय आम्ही पहिल्या सत्रापासून लावतो, कारण पुढील संशोधनासाठी ती लागतेच. पहिल्या सत्रात एक पान वाचायला तास लागला तरी चालेल. तिसऱ्या सत्रापर्यंत तेच पान पंधरा मिनिटांत होते.

मालवणी, संगमेश्वरी, आगरी किंवा कोकणी मुस्लिम घरांतील बोली ही अडचण नव्हे. भाषेच्या अभ्यासासाठी ते घरातच असलेले भांडवल आहे. मराठीच्या विद्यार्थ्यांना आपल्या गावातील मासे, जाळी, होड्या आणि पाऊस यांच्याशी संबंधित शब्द वयस्कर माणसांकडून गोळा करून त्यांचा छोटा कोश करायला सांगितला जातो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाला शोभेल असा अभ्यास करायचा तर बोलींच्या नोंदींपासूनच सुरुवात करावी लागेल, असे आमचे स्पष्ट मत आहे. प्रमाण मराठीत लिहिणे आम्ही शिकवतोच, पण त्यासाठी कोणाची बोली तोडत नाही.

या पदवीवर नोकरी मिळते का?

पदवी हातात पडताच नोकरी मिळेल असे आश्वासन आम्ही देत नाही. कोणत्याही महाविद्यालयाने ते देऊ नये. काय शक्य आहे ते मात्र नेमके सांगता येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा परीक्षा यांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. नागरी सेवेच्या मुख्य परीक्षेत मराठीतून उत्तरे लिहिता येतात आणि मराठी साहित्य हा वैकल्पिक विषयही घेता येतो. विधी शाखेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम, समाजकार्य, पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र, व्यवस्थापन, शिक्षणशास्त्र आणि पुरातत्त्व यांची दारे खुली राहतात. भाषांतर, संपादन, बँकांतील आणि सहकारी संस्थांतील कामे, पर्यटन व्यवसाय या क्षेत्रांत विद्यार्थी जातात. नेमके लिहिणारा आणि लोकांशी नीट बोलू शकणारा माणूस या सर्व ठिकाणी हवा असतो.

पर्यटनाबद्दल थोडे अधिक. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्याला किनारा आणि माशाचे ताट दाखवणारे पुष्कळ आहेत. थिबा पॅलेससमोर उभे राहून, १८८५ मध्ये इंग्रजांनी पदच्युत केलेला ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीत का आणला गेला आणि १९१६ मध्ये त्याचा शेवट याच गावात कसा झाला, हे वीस मिनिटांत नीट सांगू शकणारे फार थोडे. पिंगुळीची चित्रकथी (चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला), सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते) आणि दशावतार यांचीही तीच स्थिती आहे. ही कामे सन्मानाने करून उपजीविका होऊ शकते, आणि त्यासाठी इतिहास आणि भाषा दोन्ही यावे लागतात.

चौथे वर्ष करणे आवश्यक आहे का?

नाही, तीन वर्षांची पदवी पूर्ण पदवीच आहे. ज्यांना संशोधनाची आवड आहे त्यांच्यासाठी चौथे वर्ष आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असल्यास संशोधनासह ऑनर्स पदवीसाठी पात्रता मिळते, आणि त्या वर्षी १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. चार वर्षांच्या पदवीनंतर पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात पूर्ण करण्याची तरतूद आहे. प्रकल्पाचे विषय आम्ही शक्यतो परिसरातील ठेवतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये पाणी कोणत्या घरात किती चढले, याची भिंतींवरील रेघ अजून काही जणांनी पुसलेली नाही. ती रेघ मोजणे, शेजारच्या घरातील माणसाची आठवण नोंदवणे आणि दोन्ही पावसाच्या अधिकृत नोंदींशी ताडून पाहणे, एवढ्यातून एक उत्तम प्रकल्प उभा राहतो.

मुलाला मुंबईलाच का पाठवू नये?

पाठवायचे असेल तर जरूर पाठवा. गिरण्यांच्या काळापासून आपली माणसे मुंबईला जात आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर तो प्रवास सोपा झाला, आणि चाकरमान्यांच्या मनीऑर्डरीवर येथील कित्येक घरे उभी राहिली. हा इतिहास आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात अभिमानाने शिकवतो. मोठी ग्रंथालये, अभिलेखागार, नाटके, व्याख्याने मुंबईत आहेत, येथे नाहीत, हेही आम्ही लपवत नाही. परंतु अठराव्या वर्षी खोलीचे भाडे आणि लोकलचा रोजचा प्रवास यांत जाणारे तास येथे वाचनासाठी मिळतात, शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखतात, आणि अभ्यासाचे अर्धे साहित्य दाराबाहेर पसरलेले असते. पदवी येथे आणि पदव्युत्तर शिक्षण मोठ्या शहरात, हा क्रम पुष्कळ विद्यार्थ्यांना मानवतो.

शुल्क आणि शिष्यवृत्तीचे काय?

शासनाच्या बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, घरापासून दूर राहणाऱ्यांसाठी स्वाधार आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजना आहेत. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आहेत आणि त्या बदलतात, म्हणून त्या वर्षीची सूचना वाचूनच अर्ज भरावा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावा. जून-जुलैत सेतू कार्यालयात गर्दी असते आणि त्यात भर पावसात फेऱ्या मारण्याची वेळ येते.

प्रवेश घेण्यापूर्वी वर्ग पाहता येतो का?

येतो. कोणत्याही कामाच्या दिवशी सकाळी कार्यालयात नाव सांगून विद्यार्थ्याने किंवा पालकांनी हव्या त्या विषयाच्या तासाला मागच्या बाकावर बसावे. मुलांबरोबर आलेल्या आया अनेकदा बाहेर व्हरांड्यातच थांबतात. त्यांनीही आत यावे, त्यांच्यासाठीही जागा असते.